उल्हासकाठची बखर

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, किल्ले आणि तहनामे उभे राहतात. पावसाला त्यात फारशी जागा नसते. पर्जन्यकाळ आला, फौजा छावणीस गेल्या, एवढे लिहून बखरकार पुढे सरकतो, आणि दसऱ्याचे शिलंगण झाले की त्याची लेखणी पुन्हा चालू लागते. मधल्या चार महिन्यांत जणू काही घडलेच नाही! मी ज्या मुलखात राहतो तेथे मात्र जे काही घडले, ते पुष्कळसे या चार महिन्यांच्या पाण्यानेच घडवले.

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या गाडीत बसले की अर्ध्या तासाच्या आत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन गावे मागे पडतात. गाडीतल्या माणसाला ती सारखीच दिसतात. तोच फलाट, तीच गर्दी, त्याच उंच उंच इमारती. पण त्यांची नावे एकदा सावकाश उच्चारून पाहावीत. पहिल्याने आपले नाव नदीकडून घेतले आहे. दुसऱ्याच्या नावात लोक आकाश पाहतात, कारण अंबर म्हणजे आकाश. तिसऱ्याविषयी जुनी माणसे सांगतात की दूरच्या मजला मारणारे स्वार येथे घोडे बदलीत, म्हणून ते बदलापूर. ही कथा कागदोपत्री टिकेल न टिकेल. परंतु येथले ऋतू ज्या झपाट्याने बदलतात ते पाहता नाव चुकीचे आहे असे कोण म्हणेल?

या मुलखाचा नकाशा एका वाक्यात सांगता येतो. दोन डोंगररांगांच्या मध्ये एक नदी. पश्चिमेच्या अंगाला मलंगगडापासून निघालेली रांग चंदेरी, नाखिंद, पेब असे सुळके मिरवीत माथेरानला पोचते. पूर्वेला सह्याद्रीची मुख्य भिंत. मधून उल्हास नदी. राजमाचीकडच्या डोंगरांत जन्म घेऊन ती कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करीत कल्याणच्या अंगाने खाडीला मिळते आणि वसईपाशी समुद्र गाठते. लांबी अवघी १२२ किलोमीटर. गोदावरी-कृष्णांच्या घराण्यात ही धाकटी पातीच म्हणायची. पण नैर्ऋत्येचे ढग प्रथम माथेरानच्या रांगेवर आदळतात, तिला ओलांडून आले की सह्याद्री त्यांना अडवतो, आणि दोन्हीकडचे पाणी हिच्याच ओटीत येऊन पडते. मुंबईच्या उपनगरांत वर्षाकाठी सरासरी सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. माथेरानच्या डोक्यावर त्याच्या दुपटीहून अधिक कोसळतो. नदी लहान असली तरी माहेर मोठे आहे.

दिवाळी हातात असताना ही बखर दिवाळीपासूनच सुरू करावी हे बरे. भाऊबीज उरकली की खळ्यांवर भाताची झोडणी चालते. कापलेल्या खाचरांत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. त्याला वेगळे पाणी लागत नाही, रात्रीचे दव पुरते. मार्गशीर्ष-पौषात पहाटेच्या गाडीला जाणारी मंडळी मफलर गुंडाळून फलाटावर उभी असतात. हीच मंडळी तासाभराने दादरला उतरतात, तेव्हा तिथली माणसे त्यांच्याकडे नवलाने पाहतात, कारण तेथे पंखे चालू असतात! यात जादू काही नाही. समुद्र आपल्या शेजारच्या गावांना रात्री उबेत ठेवतो. आमच्याकडे ती ऊब पोचत नाही. उलट डोंगरउतारावरची थंड हवा जड होऊन खाली उतरते आणि खोऱ्यात तळ्यासारखी साचून राहते.

या साचलेल्या हवेनेच आमच्या हिवाळ्याचे रूप पालटले आहे. अंबरनाथला आगपेट्यांचा कारखाना विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात आला. महाराष्ट्रातल्या किती घरांत दिवाळीची पणती अंबरनाथच्या काडीने लागली असेल, देव जाणे. पुढे १९५३ मध्ये संरक्षण खात्याची निर्मिती आली, आणि १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर रसायनांचे कारखानेही वाढले. त्यांनी हजारो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, हे विसरून चालणार नाही. परंतु हिवाळी रात्री साचलेल्या थंड हवेवर उबदार हवेचे झाकण बसले की धूर वर जायला वाट उरत नाही, आणि सकाळच्या धुक्याला वास येऊ लागतो. आमची मुले धुके डोळ्यांआधी नाकाने ओळखतात.

माघ सरता सरता माळावर पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात. पाने नाहीत, नुसता जाळ. फाल्गुनात शिमग्याची होळी पेटते आणि तिच्या आगेमागे आणखी एक आग या डोंगरपायथ्यांना दिसते, ती राबाची. ठाकूर, कातकरी, आगरी, कुणबी, जो कोणी भात लावतो तो पालापाचोळा, गोवऱ्या व फांद्या रोपाच्या तुकड्यावर पसरून भाजतो, म्हणजे पावसाळ्यात रोप जोमदार उठते. चैत्र उजाडला की एका बाजूला गुढ्या उभ्या राहतात आणि त्याच सुमारास उल्हासनगरात झूलेलालाचा चेटीचंड. एका खोऱ्यात नव्या वर्षाचे दोन दरवाजे, एकमेकांना लागून उघडतात.

मग उन्हाळा. मुंबईला दुपारी समुद्रावरचा वारा वारा घालतो. आमच्यापर्यंत तो येतो तो उशिरा आणि दमून. काळा कातळ दिवसभर तापतो व रात्री उशिरापर्यंत ऊब सोडीत राहतो, आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा कोणी बातमीही करीत नाही. देवाने या जाचाची भरपाई मात्र केली आहे. डोंगराची काळी मैना, म्हणजे करवंद, ठाकरणींच्या पाटीतून पळसाच्या पानावर मिळते, आणि मागोमाग जांभूळ. बदलापूरच्या जांभळाला अलीकडे भौगोलिक मानांकनही मिळाले. बारवी नदी जेथे उल्हासला मिळते तेथल्या गावाचेच नाव जांभूळ आहे. यापेक्षा जुने मानांकन ते कोणते असणार?

या उन्हाळ्यानेच आगगाडीला पाणी साठवायला शिकवले. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे गाडी धावली, १ मे १८५४ रोजी ती कल्याणला आली आणि मे १८५६ मध्ये बदलापूरवरून पळसदरीपर्यंत पोचली. पुढे १८६३ मध्ये बोरघाट खुला झाला. वाफेचे इंजिन म्हणजे चाकांवरची तहान. घाट चढण्यापूर्वी त्याला पोटभर पाणी पाहिजे, आणि उन्हाळ्यात नद्यांचे होतात डोह. तेव्हा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने अंबरनाथजवळ काकोळे गावाच्या डोंगरकुशीत बंधारा घालून पावसाचे पाणी अडवले. लोक त्याला अजून जी.आय.पी. टँक म्हणतात. वाफेची इंजिने गेली, ती कंपनीही गेली, तळे आहे. त्याच पाण्याच्या आधारावर आज 'रेल नीर'च्या बाटल्या भरल्या जातात. शंभर वर्षांपूर्वी इंजिन जे पीत होते ते आता उतारू पितात!

वैशाखाच्या शेवटी रानात काजवे लुकलुकू लागतात, पावशा आपला धोशा धरतो, आणि मृग लागताच एके दुपारी चंदेरीचा सुळका दिसेनासा होतो. आमचा पाऊस असा येतो: आधी डोंगर जातो, मग झाडे जातात, मग समोरचे घर. पहिल्या लोंढ्याबरोबर खाडीकडचे मासे ओहोळांतून उलटे वर चढतात, ती वलगण. कंदिल आणि आकडी घेऊन माणसे रात्रभर बांधाबांधाने फिरतात. बाजारात शेवळे येतात. काकडे घातल्याखेरीज ती घशाला खाजतात, हे ज्याला ठाऊक नाही तो या खोऱ्यात नवा. मग टाकळा, कुरडू, भारंगी, कंटोली. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. आषाढात गुडघाभर चिखलात आवणी चालते आणि कंबर मोडलेल्या बाया गाण्याच्या जोरावर पुढचे खाचर गाठतात.

या पावसाशी माणसाने किती प्रकारे समेट केला, हे पाहायचे तर वालधुनीच्या काठी अंबरनाथच्या शिवालयात जावे. शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख तेथे आहे. ठाण्याहून राज्य करणाऱ्या शिलाहारांच्या मुम्मुणिराजाच्या कारकिर्दीतला तो आहे. बाहेरची प्रत्येक शिळा कोरलेली, कोठे बोटभर जागा मोकळी नाही. सभामंडपातून गाभाऱ्यात जाताना मात्र आपण चढत नाही, उतरतो. सुमारे वीस पायऱ्या उतरून जमिनीखालच्या शिवलिंगापाशी पोचायचे आणि वर पाहायचे, तर शिखराच्या जागी उघडे आकाश! नावात लोक आकाश पाहतात ते उगाच नव्हे. १८६८ मध्ये सरकारने या देवळाची मापे, चित्रे व साचे घेण्याचे काम मुंबईच्या कलाशाळेवर सोपवले. या शिल्पांवरून आजवर साडेनऊशेहून अधिक पावसाळे वाहून गेले आहेत. चेहरे पुसट झाले, पण इमारत उभी आहे, कारण बांधणाऱ्यांनी नदीशेजारी जागा घेताना नदीचा स्वभाव विचारात घेतला होता.

शेजारचा मलंगगड याच पावसाची दुसरी साक्ष देतो. मराठे-इंग्रजांच्या पहिल्या युद्धात, १७८० मध्ये, कॅप्टन ॲबिंग्टनच्या तुकडीने गडाची पीरमाची अचानक घेतली. वरचा बालेकिल्ला मात्र मराठ्यांनी सोडला नाही, आणि हा झगडा पावसाळा उलटेपर्यंत रेंगाळला. धुक्यात गुरफटलेल्या एकाच डोंगरावर खाली इंग्रज, वर मराठे, आणि दोघांच्या डोक्यावर पाऊस! फौजा छावणीस गेल्या, हे बखरीतले वाक्य येथे लागू पडले नाही.

परंतु या पावसाची सर्वांत मोठी परीक्षा दिली ती सैनिकांनी नव्हे, निर्वासितांनी. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या माळावर लष्करासाठी बराकींची छावणी उभारली होती. फाळणी झाली आणि सिंधमधून जहाजांनी, गाड्यांनी आलेली कुटुंबे या रिकाम्या बराकींत आणून सोडली गेली. नव्वद हजारांवर माणसे! ज्या सिंधमध्ये वर्षाकाठी जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो, जेथे हैदराबादच्या घरांवर वारा धरून खोलीत उतरवण्यासाठी खास झरोके बांधीत, तेथली ही मंडळी. त्यांच्या देशात पाणी वरून येत नाही; ते नदीने येते, दूरच्या हिमालयातले बर्फ वितळले की. येथे त्यांच्यावर आकाशच फाटले. लाकूडफाटा ओला, भिंतीला बुरशी, वर्षभर टिकणारे पापड दोन दिवसांत मऊ. ८ ऑगस्ट १९४९ रोजी, ऐन पावसाळ्यात, गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या छावणीच्या नगराची कोनशिला बसली आणि नाव ठेवले गेले उल्हासनगर. ज्यांचे सर्वस्व गेले त्यांच्या गावाला उल्हास हे नाव! पण नाव आनंदाचे होते तसेच नदीचेही होते, आणि सिंधूकाठच्या माणसाला नदीचे नाव परके वाटत नाही. आषाढ-श्रावणाच्या सुमारास येणारे झूलेलालाचे चाळीस दिवसांचे व्रत, चालिहो, त्यांनी येथेही सोडले नाही. सिंधूला पूर येण्याचे जे दिवस, तेच उल्हासच्याही पुराचे. दर्यालालाच्या उपासकांना देव बदलावा लागला नाही, नदी तेवढी बदलली.

यानंतरच्या कारखान्यांनी आणि वसाहतींनी पावसाला बांधूनच टाकले. बदलापूरच्या पूर्वेकडच्या रानात १९७२ मध्ये बारवी धरण आले. त्याच्या पाण्यावर ठाणे जिल्ह्यातील कारखाने चालतात आणि मोठमोठ्या शहरांतले नळ वाहतात. पुढे धरणाची उंची वाढत गेली आणि काठच्या पाड्यांना घरे सोडावी लागली. ज्यांच्या शेतावर पाणी चढले त्यांची आणि ज्यांच्या नळाला पाणी आले त्यांची कधी गाठ पडत नाही. इतिहासात हे नेहमीच असे घडते. धरणे आली, नळ आले, आणि आमची अशी समजूत झाली की पाणी तोटीत असते. नदीचा आणि आपला संबंध संपला.

नदीने मात्र तसे मानले नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा सर्वांना पाठ आहे. त्या दिवशी उल्हासही आपली जुनी जमीन मागायला निघाली होती, आणि बदलापूर-कल्याणच्या काठच्या वस्त्यांनी ती रात्र छपरांवर काढली. चौदा वर्षांनी, २६ जुलै २०१९ च्याच रात्री, मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात उभी राहिली. उजाडल्यावर पाहावे तो चोहोकडे समुद्र! हजाराच्या वर उतारू. राष्ट्रीय आपत्ती दलाच्या होड्या आल्या, नौदल आले, आणि चामटोलीच्या परिसरातले गावकरीही आले. दुपारपर्यंत सर्वांना सुखरूप बाहेर काढले. पुन्हा जुलै २०२१ मध्ये बदलापुरात पाणी शिरले. यात गूढ काही नाही. माथेरान, खंडाळा आणि भीमाशंकरकडच्या कड्यांचे पाणी काही तासांत खाली येते. त्याच वेळी कल्याणच्या खाडीत भरती असली की पुढे जायची वाट बंद होते, आणि नदी आडवी पसरते. पूर्वी ती भाताच्या खाचरांत पसरे, चार दिवसांनी गाळ ठेवून निघून जाई. आता खाचरांच्या जागी इमारतींचे तळमजले आहेत.

मी शाळामास्तर आहे. वर्गात भूगोल शिकवताना मुलांना विचारतो, आपल्या गावातून कोणती नदी जाते? गंगा, यमुना, नर्मदा सगळ्या त्यांना येतात. वालधुनीचे नाव घेतले की मुले एकमेकांकडे पाहून हसतात. सर, तो नाला! त्यांचे म्हणणे खोडायला माझ्याजवळ शब्द असतात, पुरावा नसतो. जिच्या काठी शिलाहारांनी देऊळ बांधले तिच्या पाण्यात आज रंग असतो, वास असतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात तिच्यात रात्री सोडलेल्या रसायनांच्या वायूने शेकडो माणसांना इस्पितळात जावे लागले. उन्हाळ्यात खुद्द उल्हासही कल्याणकडे जलपर्णीने हिरवी पडते, आणि तिचेच पाणी शुद्ध करून आपण पितो. नदीचे नाव गेले की नदी जाते, आणि नाव प्रथम जाते ते मुलांच्या तोंडून.

भाद्रपदात तेरडा आणि सोनकी डोंगर रंगवतात, हस्ताचा पाऊस गडगडून निरोप घेतो, आणि भात पिवळे पडते. पुन्हा दिवाळी. आजकाल या दिवसांत आमच्याकडे नव्या घरांचे मुहूर्त पुष्कळ असतात. स्टेशन किती मिनिटांवर आहे, हे लोक विचारतात. पाणी किती वेळ येते, हेही विचारतात. पाणी कोठवर येते, हे मात्र कोणी विचारीत नाही. म्हणून या बखरीच्या अखेरीस वाचकांना एक विनंती करतो. तुमच्या अंगणात किंवा इमारतीच्या आवारात मुलांनी मातीचा किल्ला केला असेल. मावळे मांडून झाले, हळीव उगवले. आता त्याच्या पायथ्याशी बोटाने एक नदी ओढू द्या, आणि तिच्या दोन्ही अंगांना रांगोळीची एक एक रेघ: जुलैच्या पुरात पाणी येथवर आले होते. मग मुलांना आपली खेळण्यातली घरे मांडायला सांगा. ती रेघेच्या आत एकही घर मांडणार नाहीत, हे मी पैजेवर सांगतो. मोठ्यांनी तेवढे पाहून ठेवावे.